तीस खुर्च्यांच्या हॉलला ताजी हवा किती लागते? सोलापुरातल्या को-वर्किंगसाठी हवेची आखणी

प्रश्न: "जुळे सोलापुरात आमचं चौदा खुर्च्यांचं को-वर्किंग आहे. आता पहिल्या मजल्यावरचे शेजारशेजारचे दोन गाळे एक करून तीस खुर्च्यांचं करतोय, साधारण १,२०० चौरस फूट. खिडक्या फक्त रस्त्याच्या बाजूला. सध्याच्या जागेत दुपारी तीननंतर लोकांचं डोकं जड होतं, डोळे चुरचुरतात, एकाला सर्दी झाली की आठवड्यात निम्म्यांना होते. इंटिरिअरवाले म्हणतात, दोन टनांचे तीन स्प्लिट एसी लावा, धूळ येऊ नये म्हणून खिडक्या सिलिकॉनने बंद करा, दोन एअर प्युरिफायर ठेवा आणि कोपऱ्यांत झाडं. एवढ्याने भागेल का?"

उत्तर:

नाही भागणार. पण तुम्ही वेळेवर विचारलंत. फॉल्स सीलिंग लागून गेलं की हवेची नळी, म्हणजे डक्ट, टाकायला जागा उरत नाही आणि जे करायचं ते भिंती फोडून करावं लागतं.

सोलापुरातल्या ऑफिसांत गडबड होते ती एकाच ठिकाणी. स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. खोलीतलीच हवा ओढतो, थंड करतो आणि परत खोलीत सोडतो. बाहेरच्या युनिटकडे जाणाऱ्या तांब्याच्या नळ्यांतून गॅस फिरतो, हवा नाही. खिडक्या सिलिकॉनने बंद केल्यात, की सकाळी दहाला आत असलेली हवाच संध्याकाळी सातपर्यंत तीस जण आळीपाळीने श्वासात घेणार, फक्त थंड करून. तुमच्या इंटिरिअरवाल्यांनी टनांचा हिशेब केलाय, माणसांच्या श्वासाचा केलेला नाही. तो आपण करू.

बसून काम करणारा माणूस तासाला साधारण १८ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. बाहेरच्या मोकळ्या हवेत त्याचं प्रमाण ४२० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाख भागांत ४२० भागांच्या, आसपास असतं. खोलीत ते किती चढतं यावरून दर माणशी ताजी हवा किती मिळते हे कळतं. ही पद्धत जुनी आहे. म्युनिकचे आरोग्यशास्त्रज्ञ माक्स फॉन पेटनकोफर यांनी १८५८ मध्येच सांगितलं होतं, की राहत्या खोलीत हे प्रमाण हजारच्या वर जाऊ नये. हजारला हा वायू विषारी होतो असं त्यांचं म्हणणं नव्हतं. माणसाच्या श्वासातून आणि अंगातून जे जे बाहेर पडतं, त्या सगळ्याचा माग त्यांनी या एका वायूवरून काढला. आपणही कार्बन डायऑक्साइडचा मीटर त्याचसाठी वापरतो.

म्हणून नव्या जागेकडे वळण्याआधी सध्याच्या जागेत मोजा. मीटर घेताना एनडीआयआर, म्हणजे इन्फ्रारेड प्रकाशाने मोजणारा, सेन्सर असलेलाच घ्या. अगदी स्वस्त मीटर कार्बन डायऑक्साइड मोजतच नाहीत, हवेतल्या इतर वायूंवरून अंदाज बांधतात. ओळखायची सोपी खूण अशी: मीटरजवळ हातावर सॅनिटायझर चोळा. आकडा एकदम उसळला तर तो मीटर परत करा. चांगला मीटर टेबलाच्या उंचीवर, कोणाच्याही तोंडापासून तीन-चार फूट लांब ठेवा आणि दर अर्ध्या तासाला आकडा लिहा. चौदा माणसं, बंद खिडक्या आणि स्प्लिट एसी असताना दुपारी तीनला अडीच हजारांच्या पुढचा आकडा दिसला तर मला नवल वाटणार नाही. तुमच्याकडच्या जड डोक्यांचं मोठं कारण तिथेच सापडेल.

त्याच मीटरवर आणखी एक तपासणी होते. संध्याकाळी सगळे उठून गेल्यावर, दारं-खिडक्या तशाच ठेवून, आकडा टिपा. समजा १,६२० आहे, म्हणजे बाहेरच्यापेक्षा १,२०० जास्त. हे जास्तीचे १,२०० उतरून साधारण ४४० व्हायला, म्हणजे मीटरवर ८६० दिसायला, किती वेळ लागतो ते बघा. एक तास लागला तर खोलीची हवा तासाला एकदा बदलते. दोन तास लागले तर तासाला अर्धी. नुसत्या फटींवर चालणाऱ्या ऑफिसात बहुतेक वेळा दोन तास किंवा त्याहून जास्त लागतात.

आता नव्या हॉलकडे येऊ. आपल्याकडचे सल्लागार बहुधा अमेरिकेतल्या वातानुकूलन अभियंत्यांच्या संघटनेच्या, म्हणजे अ‍ॅश्रेच्या ६२.१ या मानकावर चालतात. त्यात ऑफिससाठी दर माणशी सेकंदाला २.५ लिटर आणि दर चौरस मीटरला ०.३ लिटर बाहेरची हवा सांगितली आहे. तुमचा हॉल १११ चौरस मीटरचा. माणसांचे ७५ आणि जागेचे ३३ मिळून १०८ लिटर, म्हणजे माणशी जेमतेम ३.६. इतक्या हवेवर हॉल भरलेला असताना कार्बन डायऑक्साइड अठराशेच्या आसपास स्थिरावेल. मानकात चूक नाही. पण त्यातलं ऑफिस ऐसपैस आहे, शंभर चौरस मीटरला पाच माणसं धरून आखलेलं. को-वर्किंगमध्ये आपण तेवढ्याच जागेत पंचवीस-तीस बसवतो. त्यामुळे कोणी "मानकाप्रमाणे केलंय" असं म्हणालं तर दर माणशी किती लिटर, एवढंच विचारा.

मी माणशी सेकंदाला १० लिटर धरतो. तीस माणसांना ३०० लिटर, म्हणजे तासाला १,०८० घनमीटर. बाजारात फॅन सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा यात, सांगतात, त्या भाषेत साधारण ६३५. एवढी हवा पोचली तर भरल्या हॉलमध्ये मीटर नऊशे-साडेनऊशेला थांबेल.

"मग खिडक्या उघड्या ठेवल्या तर?" हा पुढचा प्रश्न स्वाभाविक आहे. वर्षातले काही महिने, दिवसातले काही तास, जरूर ठेवा. पण सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा ४२ च्या पुढे जातो. रस्त्याची धूळ आहे, वळवाच्या आधीची वावटळ आहे, आणि राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत, म्हणजे हवा ठरलेल्या मर्यादेत नसलेल्या शहरांत, आपलं शहर आहे. भारताची पीएम २.५ ची, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांची, चोवीस तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली १५. शिवाय तुमच्या खिडक्या एकाच बाजूला आहेत. वारा आत शिरायला वाट आहे, निघून जायला नाही. मागच्या रांगेतल्या माणसापर्यंत ती हवा पोचतच नाही. तेव्हा धुळीबद्दल तुमचे इंटिरिअरवाले बोलतात ते खोटं नाही. खिडकी बंद केल्यावर हवा कुठून येणार, एवढंच त्यांनी विचारात घेतलेलं नाही.

माझा सल्ला असा. बाहेरची हवा एकाच ठिकाणाहून, फॅनने, फिल्टरमधून गाळून आत ढकला. पुष्कळ जण याच्या उलट करतात, भिंतीला दोन एक्झॉस्ट फॅन लावून मोकळे होतात. एक्झॉस्टने आतली हवा बाहेर जाते हे खरं, पण तिच्या जागी येणारी हवा वाट मिळेल तिथून येते: दाराखालून, जिन्यातून, शेजारच्या हॉटेलच्या फोडणीतून, संडासाच्या शाफ्टमधून. तिला फिल्टर कुठे लावणार? याउलट गाळलेली हवा आत ढकलली, की हॉलमध्ये किंचित जादा दाब राहतो आणि फटींमधून हवा आतून बाहेर जाते. धूळ दारातच अडते. सोलापूरसारख्या कोरड्या, धुळीच्या गावात हाच मार्ग मला योग्य वाटतो.

हवा घ्यायची जागा ठरवायला एक दिवस द्या, कारण इथली चूक नंतर कशानेच भरून निघत नाही. रस्त्याच्या बाजूला, पहिल्या मजल्याच्या उंचीवर, वाहनांचा धूर थेट येतो. शक्य असेल तर डक्ट गच्चीपर्यंत वर न्या, उन्हातल्या डक्टला इन्सुलेशन करा. मागचा शाफ्ट सोयीचा दिसतो, पण त्यात वरखालच्या सगळ्या संडासांचे एक्झॉस्ट सोडलेले असतात, तो टाळा. कॉम्प्लेक्सचा जनरेटर, खालच्या हॉटेलची चिमणी आणि एसीची बाहेरची युनिटं यांच्यापासून किमान पंधरा फूट लांब राहा. या शेवटच्या गोष्टीकडे कोणी बघत नाही. मे महिन्यात युनिटच्या तोंडाशी पन्नास अंशांची हवा असते आणि तीच आपण ओढून परत थंड करत बसतो. तोंडाला पावसाची जाळी, मागे डासांची जाळी, आणि ती जाळी काढून धुता येईल असा दरवाजा. यंत्रमागांच्या भागात, म्हणजे अक्कलकोट रोड एमआयडीसीसारख्या ठिकाणी, ऑफिस असेल तर ही जाळी सूताच्या तंतूंनी बघता बघता भरते, तिथे दर आठवड्याला बघावी लागते.

या निमित्ताने एक सांगतो. कापडगिरण्यांमध्ये धागा तुटू नये म्हणून हवेतला ओलावा यंत्रं लावून सांभाळतात. हवेला वळण कसं लावायचं हे या गिरणगावाला नवं नाही. धाग्यासाठी जी काळजी घेतली जाते, ती खुर्चीत नऊ तास बसणाऱ्या माणसासाठी घेतली जावी असं मला मनापासून वाटतं.

फिल्टरमध्ये आधी धुता येणारा प्री-फिल्टर आणि त्यामागे मर्व्ह १३ दर्जाचा. मर्व्ह १३ म्हणजे एक ते तीन मायक्रॉनचे निदान ८५ टक्के आणि त्याहून बारीक, ०.३ ते १ मायक्रॉनचे निदान ५० टक्के कण अडवणारा. फिल्टर मोठा घ्या, दोन फूट बाय दोन फूट. तुमच्या ६३५ सीएफएमला इतका मोठा लागत नाही असं दुकानदार सांगेल. तरी घ्या. मोठ्या फिल्टरमधून हवा सावकाश जाते, फॅनवर ताण कमी येतो, आवाज कमी होतो आणि फिल्टर जास्त टिकतो. फॅन निवडताना डब्यावरचा सीएफएम बघू नका, तो मोकळ्या हवेतला असतो. फिल्टर, डक्ट आणि ग्रिल लावल्यावर किती उरतो हे फॅनच्या आलेखावर बघा, नाहीतर निम्मीच हवा मिळेल. वेग कमीजास्त करता येणारा ईसी मोटरचा फॅन घेतलात तर तो दीड-दोनशे वॅटमध्ये हे काम करतो, म्हणजे छताचे तीन साधे पंखे खातात त्याहून कमी.

डक्ट मागच्या रांगेपर्यंत न्या. खिडकीपासून सर्वांत लांब बसणाऱ्याला पहिली हवा मिळाली पाहिजे. सहा ग्रिल, प्रत्येकातून ५० लिटर, प्रत्येकाला हवा कमीजास्त करणारा डॅम्पर. आणि हवा बाहेर पडायला वाट ठेवा. संडासांचे एक्झॉस्ट दिवसभर चालू राहू देत, बटण लाइटला जोडू नका. बाकीच्या हवेसाठी पुढच्या बाजूला आपोआप उघडणारी-मिटणारी पट्ट्यांची जाळी लावा. वाट नसेल तर फॅन नुसता गरगरतो, हवा आत येत नाही.

आता खर्चाची भीती. ४२ अंशांची हवा २६ अंशांवर आणायला, तीस माणसांच्या ताज्या हवेपोटी, तुमच्या एसीवर साधारण दीड टनाचा भार वाढतो. हा आकडा भर दुपारचा, भरलेल्या हॉलचा आणि मे महिन्याचा आहे. तुमच्या सहा टनांत तो बसतो का, हे पश्चिमेची काच किती आहे आणि वर गच्ची आहे की दुसरा मजला, यावर ठरेल. आधी काचेवर बाहेरून सावली करा. छताचे पंखे काढू नका. फॉल्स सीलिंग सुंदर दिसावं म्हणून पंखे काढतात आणि मग एसी बावीसवर ठेवतात. पंखा फिरत असेल तर २६ अंशांना २४ सारखं वाटतं, आणि वाचलेल्या विजेत ताज्या हवेचा बराचसा खर्च निघतो.

ईआरव्ही नावाचं यंत्र कोणीतरी सुचवेलच. त्यात बाहेर जाणारी थंड हवा आत येणाऱ्या गरम हवेला जाता जाता थंड करते, दीड टनाचा भार अर्ध्या टनावर येऊ शकतो. यंत्र चांगलंच आहे. पण आपल्याकडे आतबाहेरच्या तापमानात मोठा फरक मार्च ते मध्य जून एवढाच असतो. पावसाळ्यात आणि थंडीच्या दुपारी बाहेर २८-३० अंश असतं, तिथे वाचवण्यासारखं थोडं उरतं. शिवाय येणारी आणि जाणारी हवा सारखी ठेवावी लागत असल्याने आतला जादा दाब जातो, आणि धूळ बसली की त्याचा गाभा साफ करणं किचकट काम आहे. तीस खुर्च्यांसाठी मी तो पैसा मोठ्या फिल्टरवर, चांगल्या फॅनवर आणि सावलीवर घालेन. साठ-सत्तर खुर्च्या असत्या तर वेगळा विचार केला असता.

ऋतूप्रमाणे हे चालवायचं कसं तेही सांगतो. उन्हाळ्यात रात्री हवा पंचविशीपर्यंत उतरते. पहाटे पाच ते आठ फॅन पूर्ण वेगाने चालू ठेवा, टायमर लावा. भिंती आणि फर्निचर गार होतं, रात्रभर साचलेला वास जातो, आणि दहाला एसीला कमी झुंजावं लागतं. थंडीत मात्र हीच वेळ टाळा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे हवा जमिनीलगत कोंडते, शेकोट्यांचा आणि जाळलेल्या कचऱ्याचा धूर त्यातच राहतो. तेव्हा खिडक्या अकरानंतर उघडा, दुपारभर उघड्या ठेवा, एसीची गरजच नाही. म्हणून खिडक्या सिलिकॉनने कायमच्या बंद करू नका. रबरी पट्टी लावा, म्हणजे हवं तेव्हा घट्ट बसेल आणि हवं तेव्हा उघडेल. वीज गेली आणि इन्व्हर्टरवर फक्त लाइट-पंखे चालू असले तरीही उघडी खिडकीच उपयोगी पडते. पावसाळ्यात एसी दिवसभर चालत नाही आणि आर्द्रता पासष्टच्या वर गेली की भिंतीच्या कोपऱ्यांत बुरशी धरते, तेव्हा फॅन थोडा कमी करून एसीच्या ड्राय मोडचा वापर करा.

डोळे चुरचुरण्याबद्दल. लोक म्हणतात एसीने हवा कोरडी होते. थोडं खरं आहे, पण हिशेब करून बघा: बाहेर ४२ अंशांना १५ टक्के आर्द्रता असलेली हवा २६ अंशांवर आणली, की तीच आर्द्रता पस्तीसच्या पुढे जाते. इतक्याने डोळे चुरचुरू नयेत. एसीचा झोत थेट तोंडावर येतो का हे बघा, पट्ट्या छताकडे वळवा. आणि मग फर्निचरकडे बघा.

नव्या प्लायवूडमधून, पार्टिकल बोर्डातून फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो. डोळे आणि घसा त्याला पहिल्यांदा दाद देतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये त्याला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलं. उष्णता वाढली की तो जास्त सुटतो, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात शनिवार-रविवार बंद राहिलेलं ऑफिस आतून भट्टीसारखं तापतं. सोमवारी सकाळी दार उघडल्यावर जो "नव्या फर्निचरचा वास" येतो तो हाच, सोबत सरसातले आणि पॉलिशमधले वायू. म्हणून बोर्ड ई१ किंवा ई०, म्हणजे हा वायू कमी सोडणाऱ्या दर्जाचा, मागा, बिलावर लिहून घ्या. लॅमिनेट चिकटवायला पाण्यावर आधारलेला सरस वापरायला सांगा, कापलेल्या कडा उघड्या ठेवू नका, सगळीकडे एजबँडची पट्टी लावा. काम संपल्यावर उद्घाटनाचा मुहूर्त निदान दोन-तीन आठवडे पुढचा काढा आणि तेवढे दिवस फॅन रात्रंदिवस चालू ठेवा. प्युरिफायरचा हेपा फिल्टर कण पकडतो, हा वायू त्यातून तसाच निघून जातो.

मीटिंग रूमचा हिशेब वेगळा करा. शंभर चौरस फुटांची काचेची खोली, आत आठ जण, दार बंद. मीटर अर्ध्या तासात अडीच हजारांच्या पुढे जातो. सगळ्यात महत्त्वाचे निर्णय जिथे घ्यायचे तिथली हवा सगळ्यात वाईट, अशी स्थिती मी ऑफिसमागून ऑफिसांत बघितली आहे. हॉलमधल्या सहा ग्रिलखेरीज तिथे स्वतंत्र ग्रिल द्या, ८० लिटरचा, आणि हवा हॉलमध्ये परतायला दाराच्या वर जाळी. ही खोली भरलेली असते तेव्हा हॉलमधल्या खुर्च्या रिकाम्या असतात, त्यामुळे एकूण हवा फारशी वाढवावी लागत नाही. फोनसाठीच्या बंद केबिनलाही छोटा फॅन हवाच. इंटिरिअरवाले आवाजासाठी ती केबिन हवाबंद करतात, तिथे दहा मिनिटांत घाम फुटतो.

सर्दीच्या तुमच्या तक्रारीत प्युरिफायरला खरंच जागा आहे. २०२० च्या जानेवारीत चीनमधल्या ग्वांगझूच्या एका हॉटेलात शेजारशेजारच्या तीन टेबलांवरच्या तीन कुटुंबांतल्या दहा जणांना कोविड झाला. नंतर तिथे मोजणी झाली तेव्हा आढळलं, की एसी चालू होता पण ताजी हवा माणशी सेकंदाला एक लिटरच्या आसपासच येत होती, आणि एसीचा झोत त्या तीन टेबलांवरच घोळत होता. तुमच्या चौदा खुर्च्यांची गोष्ट याहून फार वेगळी नाही. संसर्ग आवरण्यासाठी २०२३ मध्ये आलेल्या अ‍ॅश्रेच्या २४१ या मानकात ऑफिससाठी माणशी १५ लिटर स्वच्छ हवा सांगितली आहे, आणि त्यात गाळलेली आतली हवाही धरता येते. तुमची गरज ४५० लिटर, त्यातले ३०० बाहेरून येतात, उरलेले १५० प्युरिफायर देऊ शकतात. म्हणजे तासाला ५४० घनमीटर. डब्यावर सीएडीआर, म्हणजे यंत्र किती गाळलेली हवा देतं तो आकडा, लिहिलेला असतो तो पूर्ण वेगाचा, आणि त्या वेगाला इतका आवाज होतो की पहिल्याच दिवशी कोणीतरी बंद करतं. म्हणून मधल्या वेगाला दोन्ही मिळून ५४० भरतील असे मोठे घ्या. कोपऱ्यात सोफ्यामागे ठेवू नका. आयन सोडणारं बटण असेल तर बंद ठेवा, ओझोनवालं यंत्र तर घेऊच नका, ओझोन फुफ्फुसांना घातक आहे. आणि ज्याला सर्दी-ताप आहे त्याचे दिवस वाया जाणार नाहीत अशी सवलत महिन्याच्या पाससाठी ठेवलीत, तर तो घरी थांबेल. तीही हवेच्या आखणीतलीच गोष्ट आहे.

झाडं ठेवा, डोळ्यांना बरी वाटतात. हवेसाठी त्यांच्यावर विसंबू नका. नासाचा १९८९ चा प्रयोग लहान बंद पेटीतला होता. २०१९ मध्ये सगळ्या प्रयोगांचा एकत्र हिशेब झाला तेव्हा दिसलं, की हवा बदलण्याइतका परिणाम साधायला दर चौरस मीटरला किमान दहा कुंड्या लागतील.

कूलरचंही विचारलं जातं. कूलर एसीसारखा नाही, तो खरोखर बाहेरची हवा आत आणतो आणि आपल्या कोरड्या उन्हाळ्यात छान चालतो, समोर खिडकी उघडी असेल तर. पण धूळही आत आणतो, पाणी रोज बदललं नाही तर डास होतात, आणि ज्या गावात नळाला कित्येक दिवसांआड पाणी येतं तिथे दिवसाला शेकडो लिटर कूलरला घालणं मला पटत नाही.

एक नाजूक विषय. सकाळी ऑफिस उघडल्यावर सिद्धरामेश्वरांच्या फोटोसमोर उदबत्ती लावणं ही आपल्याकडची रीत आहे, ती मोडा असं मी कोणाला सांगत नाही. पण बंद एसी हॉलमध्ये एका उदबत्तीने पीएम २.५ बाहेरच्या रस्त्यापेक्षा वर जातो आणि तासन् तास राहतो. एखाद्या सभासदाला दमा असेल तर त्याचा सगळा दिवस त्यात जातो. देवघर दाराबाहेरच्या पॅसेजमध्ये किंवा संडास सोडून दुसऱ्या एखाद्या एक्झॉस्टजवळ ठेवा, आणि उदबत्ती माणसं यायच्या आधी, फॅन पूर्ण वेगाने चालू असताना लावा. फूल आणि निरंजन दिवसभर राहू दे. रूम फ्रेशनर आणि उग्र फिनाइल मात्र बंद. लेझर प्रिंटर हॉलमधून काढून एक्झॉस्टच्या जागी. कोरडा झाडू मारू नका, धूळ उठून तासभर तरंगते. ओलं पुसून घ्या, तेही सगळे गेल्यावर.

देखभालीचं वेळापत्रक एका माणसाच्या नावावर ठेवा. एसीच्या जाळ्या दर पंधरा दिवसांनी, उन्हाळ्यात दर आठवड्याला. प्री-फिल्टर महिन्याला धुवा. मर्व्ह १३ धुवायचा नसतो, तो बदलायचा. फिल्टरच्या दोन बाजूंना दाब दाखवणारं साधं मॅनोमीटर लावून घ्या, नव्या फिल्टरच्या दुप्पट दाब झाला की बदला. एसीची ड्रेन ट्रे पावसाळ्याआधी साफ करून घ्या. वास तिथूनच सुरू होतो.

शेवटी काम ताब्यात घेण्याविषयी. सीलिंग बंद होण्याआधी फॅन चालू करून प्रत्येक ग्रिलची हवा मोजून घ्या. हवेचा वेग मोजणारा ॲनिमोमीटर नसेल तर शंभर लिटरची कचऱ्याची पिशवी चपटी करून तोंड ग्रिलवर घट्ट धरा आणि मोबाइलवर चित्रीकरण करा. दोन सेकंदांच्या आसपास पिशवी पूर्ण फुगली तर ५० लिटर येतात. चार सेकंद लागले तर निम्मीच हवा आहे, डॅम्पर आणि डक्ट तपासायला लावा. मग जागा सुरू झाल्यावर एखाद्या दिवशी तिसही खुर्च्या भरलेल्या असताना, खिडक्या बंद ठेवून, दोन तासांनी मागच्या रांगेत आणि मीटिंग रूममध्ये मीटर बघा. दोन्हीकडे आकडा हजारच्या आत असेल तेव्हाच कंत्राटदाराचा शेवटचा हप्ता द्या, आणि ही अट आजच कामाच्या कागदावर लिहून घ्या.